कायम व्हायच्या आधीचे आठवडे

पहाटे ४.४०

उशाशी ठेवलेला फोन थरथरतो. पलीकडे एका वितरण केंद्राचा रात्रपाळीचा मॅनेजर. पाचचा ड्रायव्हर आलेला नाही. ट्रेलर भरून दाराशी उभा आहे आणि ब्रिस्टलच्या दुकानांना सातला दूध-पाव पोचायला हवेत. त्याच्या आवाजात राग नाही. या वेळेला रागवायला लागणारी ताकदही कुणाकडे नसते. "दहा मिनिटं द्या," म्हणते आणि नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जाते. जून महिना. खिडकीबाहेर उजाडायला लागलंय.

मी स्विंडनला राहते. लंडन आणि ब्रिस्टलच्या मधलं, एम फोर मोटरवेला टेकलेलं हे शहर. ड्रायव्हर पुरवणाऱ्या एका एजन्सीत माझी नोकरी. लॉरी चालवणारी अनुभवी माणसं शोधायची, त्यांचे कागद तपासायचे, कंपन्यांकडे आधी हंगामी म्हणून पाठवायची आणि जमलं तर तिथंच कायम करून द्यायची. तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्रीचा फोनही माझ्याकडे असतो.

न आलेला माणूस फोन उचलत नाही. यादीतला पहिला काल रात्री साडेनऊला सुटलाय. दोन पाळ्यांच्या मध्ये ११ तासांची विश्रांती लागते, कमीत कमी ९ चालतात, आणि ही नऊची सवलतही दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच. साडेनऊ ते पाच, साडेसात तास. नाव खोडलं. दुसरा पहिल्याच रिंगला उचलतो, पंचवीस मिनिटांत पोचतो म्हणतो. पहाटे पावणेपाचला एवढा उत्साह दिसला की मला शंका येते. शनिवार-रविवार काय केलं, विचारते. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मग कळतं की दोन्ही दिवस दुसऱ्या एजन्सीकडून रेडिंगला गाडी मारली. त्याआधीचे पाच दिवस आमच्याकडे, आणि काल सोमवारी पुन्हा आमच्याकडेच. म्हणजे साप्ताहिक सुट्टी झालीच नाही आणि काल आपण त्याला रस्त्यावर पाठवलं. टॅकोग्राफच्या, म्हणजे चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राच्या, कार्डात सगळं असतं, पण ते कार्ड वाचून घ्यायची मुदत २८ दिवसांची. तोवर माणसाच्या शब्दावर चालायचं. हा प्रश्न रविवारी रात्री विचारायला हवा होता, आणि विचारायचं काम माझंच होतं. त्याला आज आणि उद्या घरी बसायला सांगते. तो चिडतो. घराचा हप्ता आहे म्हणतो. असणारच.

तिसरा साठी ओलांडलेला, विधुर. येतो म्हणतो, पण कुत्र्याला फिरवून. ५.३५ला तो गेटवर पोचतो. मॅनेजर आभार न मानता फोन ठेवतो. मी चहा टाकते.

सकाळी ७.१०

ऑफिसला जाताना मॅजिक राउंडअबाउट लागतो. १९७२ साली केलेला हा प्रकार म्हणजे एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं; छोट्यांतून घड्याळाच्या दिशेनं फिरायचं आणि मधल्या मोठ्याभोवतीची वाहतूक मात्र उलटी. इथं मी साधी कार नेते तरी तोंडात देवाचं नाव असतं. बाजूनं ४४ टनांची आर्टिक, म्हणजे जोडलेल्या ट्रेलरची लॉरी, अशी निघून जाते की चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नाही. आपण रोज फोनवर ज्यांच्याशी पाच-दहा पाऊंडांवरून घासाघीस करतो ते लोक काय करतात, ते इथं समजतं.

ऑफिस साउथ मार्स्टनच्या बाजूला. होंडाचा कारखाना याच भागात होता, २०२१च्या जुलैमध्ये बंद झाला. आता त्या जागेवर गोदामं उठताहेत. गाड्या बनवणारं गाव माल साठवणारं आणि वाहणारं होत चाललंय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. पेट्रोल भरपूर होतं, ते नेणारे टँकरचे ड्रायव्हर कमी होते. मालवाहतूकदारांची संघटना लाखभर ड्रायव्हर कमी आहेत म्हणत होती. ब्रेक्झिटनंतर युरोपातले लोक परत गेलेले, कोविडमध्ये परीक्षा बंद पडलेल्या, वय झालेले निवृत्त झालेले. सरकारनं घाईघाईनं ५००० हंगामी व्हिसा जाहीर केले, आणि काही महिन्यांसाठी इथं यायला फारसं कुणी तयार झालं नाही. तेव्हा मी या धंद्यात नवी होते. लोक एका एजन्सीतून दुसरीत, तिथून तिसरीत जाऊन नुसता नेमणुकीचा बोनस उचलत होते. मला त्यांचा रागही यायचा आणि मजाही वाटायची. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं, एकदा विचारलं तर त्यांनी भाव केला.

८.००

आज टाकायची जाहिरात लिहिते. क्लास वन ड्रायव्हर, म्हणजे परवान्यावर सी प्लस ई, दिवसपाळी, दोन वर्षांचा अनुभव. ही दोन वर्षांची अट बहुतेक वेळा विमा कंपनीची असते. नुकताच परवाना मिळालेला पोरगा दोन वर्षांचा अनुभव आणणार कुठून, याचं उत्तर आमच्याकडे नाही. मी अशांची वेगळी वही ठेवली आहे. एखादा ग्राहक मवाळ दिसला की त्यातलं एक नाव पुढं सरकवते.

मग ते शब्द येतात: टेम्प टू पर्म. आधी हंगामी, मग कायम. इथल्या निम्म्या जाहिरातींत ते असतात. माझा नियम असा की कंपनीनं किती आठवड्यांनी आणि कशावरून निर्णय घेणार हे लिहून दिल्याशिवाय मी ते टाकत नाही. यावरून साहेबांशी दोनदा वाजलंय, कारण ते शब्द असले की अर्ज जास्त येतात. यायचेच.

आमच्या घरात 'कायम' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आप्पा फलटण आगारात एसटीचे ड्रायव्हर. पहिली काही वर्षं रोजंदारीवर होते. कायम झालं की पत्रे बदलू. कायम झालं की आजीच्या डोळ्यांचं करू. कुणाच्या लग्नात आहेर किती करायचा हेही त्याच शब्दावर अडायचं. रोजंदाराला नाही म्हणता येत नाही. दिवाळीच्या रात्रीची पंढरपूर फेरी त्यालाच मिळते. त्यामुळे कुणी मला हसत हसत सांगितलं की "ते दोन शब्द टाक गं, काय बिघडतं," तर माझं डोकं फिरतं.

इथला कायदा काही प्रमाणात पाठीशी आहे. २०११च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमांनुसार एजन्सीचा माणूस एकाच ठिकाणी एकाच कामावर १२ आठवडे राहिला की तिथल्या कायम माणसाइतकाच मूळ पगार आणि रजा त्याला द्यावी लागते. आठवड्यात एक पाळी केली तरी तो आठवडा धरला जातो. मध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला की मोजणी पुन्हा एकपासून. कायदा आहे म्हटल्यावर त्याला बगल देणारेही आले. एका ग्राहकानं, नाव घेत नाही, लागोपाठ तीन ड्रायव्हर अकराव्या आठवड्यात 'सध्या काम कमी आहे' म्हणून परत पाठवले आणि पुढच्याच सोमवारी तिघं नवे मागितले. तिसऱ्या वेळी मी लेखी कारण मागितलं. त्यांनी एजन्सी बदलली. त्या महिन्यात माझं कमिशन इतकं कमी आलं की नवऱ्यानं विचारलं, बरं नाहीये का?

९.३०

एकामागून एक फोन आणि कागद. ड्रायव्हर स्वतःच्या परवान्याची नोंद उघडून एक कोड देतो, तो २१ दिवस चालतो. त्यावरून आम्हाला दंडाचे गुण दिसतात. अतिवेगाचे तीन गुण असले तर हरकत नाही, रस्त्यावरच्या माणसाला ते लागतातच. हातात फोन धरून चालवल्याचे सहा असतील तर बहुतेक ग्राहक नाही म्हणतात, आणि मीही आग्रह धरत नाही. दारू असेल तर बोलणंच संपलं. मग सीपीसीचं कार्ड, म्हणजे दर पाच वर्षांनी ३५ तासांचं प्रशिक्षण झालं की नाही. टॅकोग्राफचं कार्ड. पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी डॉक्टरची तपासणी, पासष्टनंतर दरवर्षी. इथं काम करायचा हक्क आहे का, ते ऑनलाइन.

हे झालं की मी एक प्रश्न विचारते, तो फॉर्मवर नाही. शेवटची नोकरी सोडली त्या दिवशी काय झालं? "मॅनेजर मूर्ख होता" हे उत्तर दहातले सात देतात आणि सातांतल्या चारांचं खरंही असतं. मला पुढचं ऐकायचं असतं. आज एक जण म्हणाला, बंदरात नऊ तास रांगेत बसवलं आणि वर विचारलं की उशीर का झाला. पाळी पूर्ण केली, गाडी धुतली, किल्ल्या ठेवल्या आणि मग राजीनामा दिला. गाडी धुतली, हे मी पेनानं लिहून घेतलं. नाव वहीत वर.

११.००

एका ग्राहकाच्या यार्डात चाचणी. सहसा मी जात नाही, पण आज पाठवलेला माणूस तीस वर्षांचा अनुभवी, कागद स्वच्छ, बोलायला गोड. मीच जोर लावून त्याचं नाव पुढं केलं होतं. परीक्षक वेल्समधली एक ठेंगणी बाई. पिवळं जॅकेट तिच्या गुडघ्यापर्यंत येतं आणि ती कधीच घाईत नसते.

पहिलं काम ट्रेलर जोडायचं. ट्रॅक्टर युनिट मागं घेत ट्रेलरच्या खाली सरकवायचं, किंगपिन खटकन बसला की हलकेच पुढं ओढून बघायचं, नीट धरलाय ना. हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. खाली उतरून सेफ्टी क्लिप लावायची. मग ट्रेलरचा स्वतःचा ब्रेक लागलेला आहे हे बघायचं आणि मगच हवेच्या नळ्या जोडायच्या. ड्रायव्हर त्यांना सुझी म्हणतात. एक लाल, एक पिवळी. लाल नळी जोडली की ट्रेलरमध्ये हवा जाते आणि त्याचे आपोआप लागलेले ब्रेक सुटतात. त्या क्षणी ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागलेला नसेल आणि केबिनमधला हँडब्रेकही विसरला असेल, तर सगळं धूड आपणहून चालू लागतं, आणि जोडणारा माणूस युनिट आणि ट्रेलरच्या मधल्या अरुंद जागेत उभा असतो. या देशात असे ड्रायव्हर मेलेत. काही जण पळत्या गाडीत परत चढून ती थांबवायला गेले होते.

आमचा माणूस झोकात मागं आला. एका फटक्यात बसवलं, आरसा बघायचीसुद्धा गरज पडली नाही असं वाटलं. खाली उडी मारली आणि सरळ लाल नळीला हात घातला. ट्रेलरच्या ब्रेकच्या बटणाकडे त्यानं पाहिलंच नाही. केबिनमध्ये किल्ली लागलेलीच, इंजिन गुरगुरतंय.

बाईंनी हात वर केला. तेवढंच. तो म्हणाला, तीस वर्षं असंच करतोय, कधी काही झालं नाही. बाई म्हणाल्या, हो, तसं दिसतंय. आणि वहीत लिहायला लागल्या.

मला आप्पा आठवले. ताब्यात मिळालेली गाडी कुठलीही असो, हातात टॉमी घेऊन ते सहाही टायरांवर ठोके देत फिरायचे. आवाजावरून हवा कळते. मागं कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा, प्रवासी कुरकुरायचे. त्यांच्या ठोक्यात कधी टायर कमी हवेचा निघाला असेल तर तो दोन-चार वर्षांत एखादा. तरी रोज सहा ठोके. मला चाचणीत हे बघायचं असतं. मागं गाडी लावायची सफाई एका वर्षात येते.

परतताना तो गाडीत माझ्याशेजारी बसला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मॅजिक राउंडअबाउटला मी अडखळले तेव्हा म्हणाला, डावीकडे रहा, आता जा. पोचल्यावर मी त्याला एक दिवसाच्या उजळणीचं नाव दिलं. जाईल असं वाटत नाही.

दुपारी १.००

डब्यात कालची मेथी आणि चपाती, कीबोर्डवर तुकडे सांडत. एकाचा फोन: दुसऱ्या एजन्सीनं ताशी दीड पाऊंड जास्त देऊ केलेत. विचारलं, थेट पगारावर की अंब्रेला कंपनीमार्फत? अंब्रेला. मग त्या मोठ्या आकड्यातूनच मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा जाणार, अंब्रेलाचं शुल्क जाणार आणि रजेचा पगारही त्यातच धरलेला असणार. कामावर घेण्याआधी सगळी वजावट दाखवणारा एक कागद देणं २०२०पासून बंधनकारक आहे; तो माग आणि मग बोल, म्हटलं. वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला. नुसता एक शिवीवजा शब्द आणि त्यापुढे "राहतो".

२.००

डिचोलीचे काका येतात. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, साहेबांनासुद्धा. यांना मात्र माझ्या तोंडून पहिल्या दिवशीच काका निघालं आणि ते मला बाय म्हणाले. आता आमचा साहेबही त्यांना 'काका' म्हणतो, त्याला ते नाव वाटतं.

स्विंडनमध्ये गोव्याचे लोक हजारोंनी आहेत. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालकडे नोंद करून नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी इथं येता येत होतं. काका त्याच वाटेनं आले. तिकडे खनिजाच्या पट्ट्यात त्यांचा स्वतःचा टिपर होता, कर्जावरचा. खाणीवरून लोहखनिज मांडवीकाठच्या जेटीपर्यंत न्यायचं, तिथून ते बार्जनं मुरगावला. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. टिपर अंगणात उभा राहिला आणि हप्ते चालूच. "पावसांत गंजला गो तो," एवढंच ते त्याबद्दल सांगतात.

इथं भारतातला परवाना बदलून मिळत नाही. टिपर वीस वर्षं चालवलेल्या माणसानं गोदामात खोकी उचलली आणि कारच्या शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात केली. लेखी परीक्षा इंग्रजीत. प्रश्न परदेशी भाषांत ऐकवायची सोय २०१४पासून बंद. पंचेचाळिशीत रात्री मुलीच्या टेबलावर बसून पाठ केलं. आधी क्लास टू, मग क्लास वन. आज आमच्याकडच्या साठ-पासष्ट नावांत मी डोळे झाकून पाठवीन अशी पाच-सहा नावं आहेत, त्यांत हे.

त्यांचा एका ग्राहकाकडे हा अकरावा आठवडा. तिथल्या ट्रान्सपोर्ट मॅनेजरला ते कायम हवेत, हे त्यानं मला दोनदा सांगितलंय. काकांना ही बातमी मी मोठ्या थाटात देते. ते मान हलवतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात.

"बरें आसा, बाय. पण चवथ?"

यंदा चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यात आहे. घर मोठं, गणपती वडिलांच्या वाट्याचा, भाऊ नाही. इथं आल्यापासून एकही चवथ त्यांनी चुकवलेली नाही. हंगामी असल्यानं ते सरळ पाच आठवडे जातात. परत आले की मी काम देते. मोजणी त्या काळात थांबते, पुसली जात नाही, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ आहे. कायम झाल्यावर कंपनीच्या नियमानं एका वेळी दोन आठवड्यांच्या वर रजा नाही.

"चवथीक गांवाक वचपाक जाय," ते म्हणतात, आणि मी त्यांना पेन्शन, आजारपणाचा पगार, ठरलेली पाळी वगैरे सांगायला लागते. ते ऐकून घेतात. त्यांचा ताशी दर कायम झाल्यावर थोडा उतरणार आहे, तेही सांगते. लपवून उपयोग नसतो, पहिल्या पगाराला कळतंच. मग ते मला विचारतात, तुझ्या वडलांना कायम होऊन काय मिळालं? मी म्हणते, दिवाळीला घरी राहायला मिळालं. म्हणाल्यावर माझं मलाच कळतं की मी त्यांची बाजू मांडून बसले.

३.४०

ट्रान्सपोर्ट मॅनेजरला फोन. हा माणूस वाईट नाही. स्वतः पंधरा वर्षं गाडी चालवून टेबलाशी आलाय, पण टेबलाशी आलेला माणूस आकडे बघायला लागतो. ड्रायव्हर आमच्याकडून थेट घ्यायचा तर ग्राहकानं आम्हाला शुल्क द्यायचं; ते नको असेल तर ठरावीक आठवडे तो आमच्यामार्फतच ठेवायचा आणि मग फुकट घ्यायचा. ही दुसरी वाट ग्राहकाला द्यावीच लागते, असा २००३चा नियम आहे. आमच्या करारात हे आठवडे १४. तो म्हणतो, तीनच राहिलेत, थांबतो. थांब. मला घाई नाही. चौदाव्या आठवड्यानंतर माझ्या यादीतलं चांगलं नाव जाणार आणि हाती काही येणार नाही, असा तो हिशेब आहे. आमच्या धंद्यात काम चोख झालं की माल कमी होतो.

मी म्हणते, तारीख लिहून दे आणि सोबत सप्टेंबरची रजाही. किती? पाच आठवडे. तो हसतो. तीन आठवडे, म्हणते. तो मनुष्यबळ विभागाचा नियम वाचून दाखवतो. मी माझ्या वहीतून त्याला वाचून दाखवते: अकरा आठवड्यांत एकदाही उशीर नाही, एक ओरखडा नाही, एकदा मागच्या दिव्याची तार सुटलेली पाळीच्या आधीच्या फेरीत पकडली. आणि तुझ्या खऱ्या गर्दीचे महिने नोव्हेंबर-डिसेंबर. नाताळात अर्धं यार्ड सुट्टी मागतं. या माणसाला नाताळात सुट्टी नको आहे. पंचवीस आणि सव्वीस डिसेंबर, दोन्ही दिवस, दरवर्षी, लिहून घे.

पलीकडे शांतता. मागं फोर्कलिफ्टची पीं पीं ऐकू येते. "दरवर्षी?" तो विचारतो.

५.५०

त्याची मेल. सुरुवातीची तारीख लिहिली आहे. सप्टेंबरात सलग १७ दिवस, आधी कळवण्याच्या अटीवर, आणि नाताळच्या दोन्ही पाळ्या. सतरा कुठून काढले कोण जाणे, बहुधा पंधरा आणि वीसच्या मध्ये त्याला आणि मनुष्यबळ विभागाला दोघांनाही लाज न वाटणारा आकडा. मी काकांना फोन लावत नाही. ते आता गाडीवर असतील. नुसता मेसेज टाकते.

मग उद्याच्या पाळ्या. चौदा जागा, तेरा माणसं. प्रत्येकाला तेच विचारत जाते: कधी सुटलास, काल काय केलंस, दुसरीकडे कुठं काम केलंस का. सकाळचा तो चिडलेला गृहस्थ फोन उचलत नाही. त्याच्या नावापुढं सोमवारची नोंद जशी झाली तशी लिहून साहेबांना पाठवते. उद्या त्यावर बोलणं होईल, आणि ते माझ्याबद्दल असेल.

रात्री ९.२०

काकांचा फोन. मेम्बरीच्या सर्व्हिसेसमध्ये थांबलेत. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, त्यातली तीस झालीत, असं ते आधी सांगून टाकतात. म्हणजे मी लांबण लावू नये. मागं चहाच्या मशीनचा आवाज.

मेसेज वाचला म्हणतात. लिहून दिलंय का, तोंडी तर नाही? लिहून दिलंय. नाताळाबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही, शेजारच्या फर्नांडिसाला बरं वाटेल म्हणतात; त्याची पाळी ते नेहमीच घेतात. मी वाट बघते. आता हो म्हणतील.

"सतरा दिवस म्हणजे येणं-जाणं धरून की सोडून?"

मी गप्प. मेलमध्ये ते नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"हिथून मुंबय, मुंबयसून मोपा. दोन दिवस जायला, दोन यायला. म्हणजे तेरा. आमचो गणपती इकरा दिसांचो. माटोळेचें सामान काढूंक आदीं दोन दिस तरी पोचूंक जाय, फळां बाजारांत मेळनांत, रानांत वचचें पडटा." ते मनातल्या मनात मोजताहेत. "मेळटा तशें. पण आंगणांतलो तो टिपर विकूंक एक दिस उरना."

मी ऑफिसचं कॅलेंडर फोनवर उघडते, सप्टेंबरचं पान काढते आणि दिवस मोजायला लागते. सहा मिनिटं राहिली, ते सांगतात.